शेकोटीवरच्या खंजेऱ्या

आर्वीकडच्या माणसाला मोझरी किती दूर म्हणून विचारलं, तर तो अंतर सांगत नाही, नदी सांगतो. वर्धा ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. पुढे कुऱ्हा, आणि मग राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. जिल्हा बदलतो, वर्ध्याचा अमरावती होतो, पण आमच्या घरात तो बदल कुणी फारसा मानला नाही. आबाजी, म्हणजे आमचे आजोबा, म्हणायचे, "नदीच्या पल्याड आपलं अर्धं घर हाय." त्यात सोयरिकीही आल्या आणि महाराजही आले. महाराजांचे गुरू आडकोजी महाराज यांचं वरखेडसुद्धा नदीच्या पल्याडचंच.

दरवर्षी कोजागिरीचं दूध पिऊन झालं, की आमच्या गावच्या भजन मंडळाची हालचाल सुरू व्हायची. आश्विन वद्य पंचमीला महाराजांची पुण्यतिथी असते. विदर्भातल्या गावोगावची मंडळं खंजेऱ्या, टाळ, पेटी, ढोलकी घेऊन त्या आठवड्यात मोझरीला येतात. शहरातल्या लोकांना हा मेळा म्हणजे यात्रा वाटते. आमच्याकडे मात्र कुणी कुणाला "दर्शन झालं का?" असं विचारत नसे. विचारत, "यंदा कोणाकोणाचं आइकलं?" माझ्या लेखी या मेळ्याचा सगळा इतिहास त्या प्रश्नात आहे, म्हणून आबाजी-आजींकडून जे कानावर आलं ते लिहून ठेवतो आहे. यातलं काही पक्कं आहे, काही घरात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं आहे.

आबाजींच्या सांगण्यात पहिलं साल येई ते १९३६. त्या वर्षी गांधीजी सेगावात राहायला आले. त्या गावाचं सेवाग्राम हे नाव पुढचं, १९४० चं. त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांनी तुकडोजी महाराजांना बोलावून घेतलं आणि महाराज महिनाभर तिथे राहिले. तेव्हा महाराजांचं वय सत्तावीस. मोझरीचा गुरुकुंज आश्रम नुकता वर्षभरापूर्वी उभा राहिलेला. आबाजी तेव्हा विशीतले. ते सांगत, आर्वीहून पुलगावपर्यंत लहान रेल्वेने गेलो, तिथून मोठ्या गाडीने वर्धा, आणि मग चिखलातून पायी सेगाव. संध्याकाळची प्रार्थना होती, गांधीजींचं मौन होतं, महाराजांनी खंजेरीवर एक भजन म्हटलं, आणि गांधीजींनी मौन सोडून "पुन्हा एकदा म्हणा" असं सांगितलं. ही गोष्ट आमच्या भागात सगळेच सांगतात. आबाजी ती सांगताना स्वतः उठून बसत आणि हात असा पुढे करत, की गांधीजी समोरच बसले आहेत.

चुलीपाशी बसलेली आजी मात्र तव्यावरची भाकर उलटता उलटता म्हणायची, "कायचे गेले सेगावले! त्या दिवशी बैल आजारी होता, हे गोठ्यात होते. त्याइच्या मामेभावानं सांगतलं, तेच सांगतेत." आबाजी रागावत नसत. "तुले काय ठावं? तू तवा या घरात होती का?" म्हणत. लग्न त्यानंतरचं, त्यामुळे तिथे आजीचा नाइलाज होई. आबाजी गेले होते की मामेभाऊ, याचा निकाल आमच्या घरात कधीच लागला नाही. दोघांपैकी कुणीतरी मात्र नक्की गेलं होतं. कारण त्या पावसाळ्यानंतर आमच्या गावात पहिली खंजेरी आली, आणि ती त्या मामेभावानेच आणली, याबद्दल दोघांचंही एकमत होतं.

लाकडी कडं, त्यात पितळेच्या चकत्या, एका बाजूला ताणून बसवलेलं घोरपडीचं कातडं. एवढ्याशा वाद्याने गाव बदलतं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. पण तोवर गावात वाजवणं म्हणजे ठरलेल्या लोकांचं काम. लग्नात, पोळ्याला डफडं वाजे, आणि ते वाजवणारे गावाबाहेरच्या वाड्यातले. ते दाराबाहेर उभे राहत, वाजवत, आणि पसाभर ज्वारी पदरात घेऊन जात. देवळात कीर्तन झालं तर ऐकणारे आत, आणि ते लोक पाराच्याही अलीकडे. वर्ध्याला जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचं देऊळ १९२८ सालीच सगळ्यांना खुलं केलं होतं, पण वर्ध्याचा वारा आमच्या गावापर्यंत पोचायला पुष्कळ दिवस लागले.

मंडळ बसायला लागलं ते मारुतीच्या देवळासमोरच्या अंगणात. महाराजांची पद्धत सामुदायिक प्रार्थनेची. सगळ्यांनी एका सतरंजीवर, एका रांगेत बसायचं, एका सुरात म्हणायचं. पहाटे रामधून म्हणत गावातून फिरायचं आणि फिरता फिरता रस्ते झाडायचे. बसायची पाळी आली तेव्हा अडचण झाली ती तालाची. कुणब्यांची पोरं जोरात वाजवत, पण लय पळायची. गावात तालाचा पक्का माणूस एकच, आणि तो वाड्यातला. त्याला सगळे वस्ताद म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. आबाजी आणि मामेभाऊ त्याला बोलवायला गेले. तो लगेच आला नाही. त्याने विचारलं, "बसू कुठी?" आबाजी म्हणाले, "मधात. ताल मधातच बसते." आबाजींच्या वडिलांनी त्यावर आठ दिवस घरात अबोला धरला, असं आजी सांगायची. ही गोष्ट तिने सासऱ्यांकडूनच ऐकलेली, म्हणजे ती खरी असणार.

वस्ताद मध्ये बसला आणि मंडळाला मंडळपण आलं.

मोझरीला जायचा प्रवास मी पाहिला तो महाराज गेल्यानंतरचा, पण त्याआधीचाही मला पाठ आहे, इतक्यांदा तो ऐकला. दोन बंड्या, त्यात खाली कडबा, वर सतरंज्या, पेटी गोधडीत गुंडाळलेली. गॅसबत्ती एका माणसाच्या मांडीवर, कारण तिचं जाळं फुटलं तर रात्र अंधारात. आजी दोन दिवस भाकरी थापायची. सोबत जवसाची चटणी, तिळाची चटणी, वाळवलेल्या अंबाडीची भाजी, आणि कांदे सुटे टाकलेले. कौंडण्यपूरच्या घाटावर मुक्काम. नदीला पाणी असे, डोंग्यातून माणसं पल्याड जात आणि बंड्या उतार शोधून नेत. पल्याड पोचलं की गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रटरटायची, वरून सांभार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि तो मूठभर लागतो, चिमूटभर नाही. रोडगा फोडून त्यात तूप ओतायचं काम आबाजींचं. ते आधी वस्तादच्या रोडग्यात ओतत.

जेवणं झाली की शेकोटी पेटे. ती थंडीसाठी कमी आणि खंजेऱ्यांसाठी जास्त. रात्रीचं दव कातड्यात उतरतं, कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग खंजेरी ज्वाळेपासून हातभर दूर धरून फिरवत राहायची. जास्त तापली तर कातडं तडकतं, कमी तापली तर बोलत नाही. वस्ताद दर थोड्या वेळाने बोटाने टिचकी मारून कान लावे. मोठ्यांच्या खंजेऱ्या शेकून देण्याचं काम पोरांकडे असे. माझ्या वडिलांना ते काम वयाच्या आठव्या वर्षी मिळालं, आणि तोच आपल्या आयुष्यातला पहिला मान, असं ते म्हणत. पलीकडे आणखी शेकोट्या दिसत, कुणी आष्टीकडचे, कुणी कारंज्याचे. अंधारात खंजेऱ्यांच्या टिचक्या ऐकू येत, आणि वस्ताद इकडून सांगे की त्या तिसऱ्या शेकोटीवरच्याची चढली आहे, आता थांबवायला पाहिजे.

१९४२ चा विषय निघाला की आजी उठून आत जायची. त्या ऑगस्टात महाराजांचा चातुर्मास चिमूरला होता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आमच्या शेजारची आष्टी, दोन्ही गावं पेटली. आष्टीत लोक ठाण्यावर तिरंगा लावायला गेले, गोळीबार झाला, गावकरीही पडले आणि पोलीसही मारले गेले. आजही आष्टीला शहीद आष्टी म्हणतात आणि नागपंचमीला तिथे हुतात्म्यांची आठवण निघते. महिना सरायच्या आत महाराजांना अटक झाली, आणि डिसेंबरपर्यंत ते नागपूर-रायपूरच्या तुरुंगात होते. सरकारच्या लेखी भजनांनीच माणसं पेटवली होती. आबाजी सांगत, त्या दिवसांत आमच्या गावात पोलीस आले आणि भजनाची वही मागितली. वही आजीने धान्याच्या कणगीत, तुरीच्या खाली खुपसली. खंजेऱ्या उघड्यावरच होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही. वस्तादने तेवढ्यातून एक नियम काढला: शब्द लपवावे लागतात, ताल नाही. चार महिने मंडळाने एकही भजन म्हटलं नाही, फक्त संध्याकाळी अंगणात बसून खंजेऱ्या वाजवल्या. शब्द सगळ्यांना पाठ होतेच.

ती वही माझ्याकडे आहे. तुरीच्या भुशाचा वास आता येत नाही, पण मुडपलेले कोपरे तसेच आहेत. तिच्यात भजनं कमी आणि हिशेब जास्त. रॉकेल, गॅसबत्तीचं जाळं, पेटीच्या भात्याला चामडं, कुणी किती ज्वारी दिली. मागच्या पानावर आबाजींच्या हाताने मंडळाचे नियम लिहिले आहेत. त्यातला शेवटचा असा: आपलं म्हणून झालं की उठायचं नाही, आपल्या मागच्या मंडळाचं पूर्ण ऐकायचं, मगच सतरंजी गोळा करायची.

स्वातंत्र्य आलं, १९४८ मध्ये नागपूरला आकाशवाणी सुरू झाली, आणि पुढे गावच्या चावडीवर रेडिओ आला. विनोबांचं पवनार जवळच. भूदानाच्या दिवसांत महाराजांची भजनं आणि विनोबांची पदयात्रा एकाच बोलण्यात येत. महाराजांची ग्रामगीता झाली, एकेचाळीस अध्यायांची. १९५५ ला महाराज जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, आणि आमच्या गावात बातमी आली ती अशी की खंजेरी समुद्रापार वाजली. आजीने त्या दिवशी पुरण घातलं होतं म्हणतात.

१९५६ मात्र आमच्या मंडळाच्या इतिहासात वेगळ्या तऱ्हेने आलं. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. वाड्यातली माणसं गाड्या भरून गेली, वस्तादही गेला. परत आला तो मंडळात बसायला आला नाही. आबाजी त्याच्या घरी गेले. तो म्हणाला, "मंडळात मी मधात बसतो, भाऊ. पंगतीत माह्यं ताट अजून शेवटीच असते." आबाजींना यावर बोलता आलं नाही, कारण ते खरं होतं. रोडग्यात तूप आधी ओतून पंगतीतली जागा बदलत नव्हती. ही गोष्ट त्यांनी आम्हाला बऱ्याच उशिरा सांगितली, त्यांची नजर गेल्यानंतर, आणि सांगताना त्यांनी स्वतःला कुठेही सावरून घेतलं नाही.

वस्तादने वाड्यात भीमगीतांची पार्टी काढली. खंजेरी सोडली, ढोलकी घेतली. १४ एप्रिलच्या रात्री आबाजी तिकडे जाऊन ऐकत. पहिल्या वर्षी उभे राहिले. पुढच्या वर्षी कुणीतरी त्यांना बसायला जागा दिली. आमच्या मंडळाचा ताल पाच-सहा वर्षं लंगडत होता, मग वस्तादकडूनच शिकलेला एक मुलगा तयार झाला. आता मंडळं दोन, पण शाळा एकाच माणसाची. पंगतीतला क्रम आमच्या गावात मोडला तो त्यानंतर, आणि तो मोडायला वस्तादचं उठून जाणं कारण झालं, असं माझे वडील ठामपणे म्हणत. मलाही तसंच वाटतं.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. तेव्हा मी फार लहान. मला आठवते ती फक्त चावडीवरची गर्दी, आणि कुणीतरी मला खांद्यावर घेतलेलं. वडिलांनी पाहिलेलं असं: बातमी आली तेव्हा माणसं पऱ्हाटीत होती. काहींनी ओटीतला कापूस तसाच बांधावर ठेवला आणि नदीकडे चालायला लागले. बंड्या जुंपायला कुणी थांबलं नाही.

पुढच्या वर्षी काय करायचं हा प्रश्न प्रत्येक गावाला पडला असणार. तोवर मोझरीला जाणं म्हणजे महाराजांना ऐकायला जाणं. मंडळं तिथे म्हणत, पण वाट महाराजांच्या खंजेरीची पाहिली जाई. ती थांबली, तर जायचं कशाला? आबाजी म्हणाले, "जाऊन तं पाहू." गेले, तर सगळीच गावं आलेली. रात्रभर एकामागून एक मंडळ बसलं, आणि आबाजींना तेव्हा पहिल्यांदा कळलं की चांद्याकडची माणसं तेच भजन किती संथ घेतात, वऱ्हाडातली कशी पहिल्याच कडव्यात चढवतात. तीस वर्षं एका आवाजामागे बसलेल्या गावांनी त्या रात्री एकमेकांना ऐकलं. मेळा तिथून सुरू झाला असं मी मानतो, मग आश्रमाची सालं काहीही असोत.

पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या जाण्याच्या वेळेला, मौन श्रद्धांजली असते. लाखभर माणूस, आणि चकतीचाही आवाज नाही. लहानपणी मला त्या वेळी आईने खंजेरीच्या चकत्यांमध्ये चिंध्या खुपसायला लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला: लाह्या, दही, काकडी, पेरूच्या फोडी, आणि हातावर हात ठेवून घेतलेला तो ओला घास.

बायकांचं सांगायचं राहिलं. आमच्याकडच्या बायका भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणतात. टिपऱ्या, घरोघरची खिरापत, ओळखायची खिरापत. म्हणजे पुरुषांची मंडळं मोझरीला निघायच्या आधी महिनाभर गावातल्या बायका रोज गातच असत, फक्त त्याला कुणी मंडळ म्हणत नसे. ग्रामगीतेत महिलोन्नतीवर आख्खा अध्याय आहे. आबाजी तो वाचून दाखवत, आणि आजी ऐकून म्हणे, "वाचतेत तुमी, आन् भाकरी थापतो आमी." तरी बंडीत तिची जागा भाकरींच्या टोपल्याशेजारीच राहिली. माझ्या आईच्या पिढीत बायकांनी पहिल्यांदा स्वतःची सतरंजी टाकली. आजी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. तिला पुढे बसवलं, हातात खंजेरी दिली. तिने ती वाजवली नाही. ज्या सराईतपणे तिने ती शेगडीवर फिरवली आणि कानाशी नेऊन टिचकी मारली, त्यावरून सगळ्यांना समजलं की इतकी वर्षं स्वयंपाकघरात खंजेऱ्या कोण शेकत होतं.

पुढे घोरपड मारायला कायद्याने बंदी आली, आणि ती योग्यच झाली. १९७२ च्या कायद्यानंतर हळूहळू कातडी खंजेऱ्या गेल्या, फायबरच्या आल्या. त्या दवाने बसत नाहीत, त्यांना शेकोटी लागत नाही. अकोटचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एका वेळी वाजवतात, तेव्हा पोरं मोबाइलवर ते पुन्हा पुन्हा बघतात. खंजेरी भजनाच्या स्पर्धा आता तालुक्यातालुक्यात होतात, पुरुषांच्या, महिलांच्या, बालगटाच्या. वेळ मोजलेली, सूर-ताल-उच्चाराला गुण. ३० एप्रिलला महाराजांची जयंती ग्रामजयंती म्हणून करतात, तेव्हाही मंडळं बसतात. वर्ध्याला स्पर्धा असली की येताना गोरसपाक आणायचा, हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तो कधी मोडलेलाही नाही.

मला अडचण दिसते ती वेगळीच. आबाजींच्या काळी आश्विन वद्यात शेतीला थोडी उसंत असे. सीतादही करून कापसाची पहिली वेचणी सुरू व्हायची, ती चार दिवस पुढेमागे झाली तरी चाले. नंतर सोयाबीन आलं. त्याची सोंगणी नेमकी याच दिवसांत येते. शेंग वाळली की थांबत नाही, फुटून दाणा मातीत जातो, आणि वरून परतीचा पाऊस. घरातला एकही हात सोडता येत नाही. मोझरीला आमच्या भागातून जाणारे कमी झाले असतील, तर त्याचं कारण श्रद्धेत शोधायच्या आधी शेतात शोधावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमचं मंडळ अजून जातं ते माझ्या वहिनीमुळे. पुरुषांचं मंडळ मोडलं, बायकांचं टिकलं. बचत गटाच्याच बाया आहेत सगळ्या. दिवसभर सोंगणी, रात्री नऊनंतर देवळासमोर तालीम, पेटीवर शाळेत शिकवणारी एक मुलगी, आणि ढोलकीवर वस्तादचा नातू. तो १४ एप्रिलला तिकडे वाजवतो, आश्विनात इकडे. त्याला मी एकदा आजोबांचं विचारलं, तर म्हणाला, "दोनी जागी मधातच बसतो, काका."

बंड्या नाहीत, टेम्पो असतो. संध्याकाळी निघायचं, रात्री म्हणायचं, पहाटे परत येऊन शेतात. गेल्या वेळी मीही गेलो. कौंडण्यपूरला टेम्पो थांबला नाही, पुलावरून सरळ पुढे गेला. वहिनीने डब्यात रोडगे आणले होते, गॅसवर केलेले, पण तुपाची बरणी वेगळी होती आणि सांभार भरपूर. आमच्या मंडळाची पाळी उशिरा आली. त्यांचं झालं तेव्हा टेम्पोवाला बाहेरून हॉर्न देत होता, त्याला सकाळी दुसऱ्याचं सोयाबीन बाजार समितीत न्यायचं होतं. दोघी उठायला लागल्या. वहिनीने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मागे भंडाऱ्याकडच्या शाळकरी मुलींचं मंडळ येऊन बसत होतं, त्यांची पेटी अजून उघडायची होती. वहिनी बाहेर गेली, टेम्पोवाल्याला काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण त्याला सोबत घेऊन आली आणि सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं. मुलींनी पहिलं भजन फार चढ्या सुरात धरलं. वस्तादचा नातू माझ्या कानाशी म्हणाला, "थांबा, दुसऱ्या कडव्यात खाली येतेत त्या," आणि मांडीवर त्यांचा ठेका धरला.